आत्याचे तिकीट

भाचीच्या बारशासाठी कुमुदताईंनी नागपूरच्या सर्वांत स्वस्त विमानाचे तिकीट काढले होते. त्या विमानात प्रवाशाला निजवून कंपनी त्याचा मेंदू आपल्या गणितांसाठी वापरीत असे, आणि मेंदूतली तेवढी जागा प्रवाशाने आधी रिकामी करून द्यायची असे. ही अट मात्र त्यांना विमानतळावर तिकीट-खिडकीशी पोहोचल्यावरच कळली.

“गेल्या आठवड्याच्या आठवणी इथे ठेवून जा, मावशी,” खिडकीतली तरुणी म्हणाली. “सगळे तेच करतात.”

“अगं, बाळाचं नाव याच आठवड्यात ठरवलंय. पाळण्यापर्यंत आत्याने ते कुणाला सांगायचं नसतं. कागदावर लिहून नेऊ?”

“कागद सामानात धरतात. या तिकिटात सामान नाही. त्यापेक्षा एखादी जुनी आठवण द्या. कोणती, ते यंत्र ठरवील.”

“घे बाई. जुन्याची काय वाण आहे माझ्याकडे?”

संध्याकाळी पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. नाव शाबूत होते. कुमुदताई सुखावून बाळाच्या कानाशी वाकल्या, ‘कुर्रर्र’ केले आणि म्हणाल्या, “मंदाकिनी.”

धपाटे थांबले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीरंग डोळे पुसू लागला.

“वाटलंच होतं मला, ताई. तू आईचंच नाव ठेवणार.”

कुमुदताईंनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि मायेने विचारले, “आपल्या आईचं नाव मंदाकिनी होतं का रे?”

श्रीरंगने बहिणीला पाटावर बसवले, बाळ तिच्या मांडीवर दिले आणि दोघींना आईची गोष्ट अगदी आरंभापासून सांगायला घेतली.