पंपावरचं लेडीज टॉयलेट

"लेडीज टॉयलेट बंद आहे, मॅडम," म्हणत मी पेट्रोलची नळी बाईच्या स्कूटीत घातली.

बाईने पर्समधून ओळखपत्र काढलं आणि माझ्या नाकासमोर नाचवलं. "मी साधं गिऱ्हाईक नाही. कंपनीने मला गुपचूप तपासणीला पाठवलंय. टॉयलेट बंद ठेवतेस? तुझी नोकरी जाईल, कळलं?"

"जाऊ दे की! चावी मालकाच्या खिशात असते. फरशी घाण होईल म्हणून तो आम्हालाही उघडून देत नाही. जायला लागू नये म्हणून आम्ही पोरी दिवसभर पाणी पीत नाही. लिहा तेही!"

कंपनीचं नाव ऐकून मालक केबिनमधून पळत आला. "या या मॅडम! चुकून बंद राहिलं हो," म्हणत त्याने कुलूप काढलं. आत सगळं चकचकीत. कमोडवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता.

बाई पुढे सरकणार, तेवढ्यात मी तिला ढकलून आत घुसले आणि कडी लावली.

"दीपमाला, बाहेर ये आधी! उद्यापासून कामावर येऊ नकोस!" मालक दार बडवायला लागला. "मॅडम थांबल्यात!"

"थांबू दे त्यांना," मी आतून ओरडले. "माझं अजून व्हायचंय."