एक बाकी

तिने लिहिलेल्या स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, तिनेच शिस्त लावली होती. चालता प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं की स्क्रिप्टने तडकाफडकी मरायचं नाही. जन्माला घातलेल्या सगळ्या प्रोसेसना, म्हणजे पोरांना, आधी ‘आवरा’ म्हणायचं. पोरांनी उघड्या फायली मिटून ‘आवरलं’ म्हणायचं. जे ऐकणार नाही त्याची जरा वाट पाहायची, मग मानगूट धरून बंद.

भर दुपारी तिने चाचणीसाठी कंट्रोल-सी दाबलं. स्क्रीनवर ‘आवरा’ उमटलं.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण बोलता बोलता थांबली. “आवरलं,” म्हणाली आणि पर्सही न घेता चालू लागली.

“अगं, कुठे?”

पलीकडे साहेब उठले. “आवरलं.” मग फरशी पुसणाऱ्या मावशी, बादली तिथेच टाकून. बघता बघता ऑफिस रिकामं झालं. खिडकीखालचा रस्ताही चिडीचूप झाला.

स्क्रीनवर तिनेच लिहिलेला संदेश आला: ‘एक बाकी. वाट पाहतोय.’

तिचे पाय आपोआप उठू लागले, शब्द ओठांवर आला. तो तिने गिळला आणि टेबल घट्ट धरलं.

“मी काय तुझं पोर आहे? बस वाट बघत!”

मागून तिच्या मानगुटीला गार बोटं लागली.

तिने टेबल सोडलं नाही.