लागण

अनीशच्या वाढदिवसाला जायचं म्हणून श्रिया नवा फ्रॉक घालून, गिफ्ट छातीशी धरून दारात उभी होती. दार-ए-सलाम सोडून सिंगापूरला राहायला आल्यापासून तिला आलेलं हे पहिलंच बोलावणं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून अनीशच्या आईचा, अश्लेषाचा फोन आला.

"चैत्राली, रागावू नकोस हं, पण श्रियाला आज नको पाठवूस. आफ्रिकेतून निघायच्या आधी तिला मलेरिया झाला होता ना? बाकीच्या मुलांच्या घरचे जरा घाबरतायत गं."

लेकीसमोर चैत्रालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिचा पारा चढला.

"अगं, ती केव्हाच खडखडीत बरी झालीय! आणि मलेरिया डास चावल्याने होतो. सोबत खेळून, एका ताटात जेवून तो कुणाला होत नाही. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं हे. तुम्ही शिकलेली माणसं ना?"

"मला पटतं गं, पण त्यांना कोण समजावणार..." असं काहीतरी पुटपुटत अश्लेषाने फोन ठेवला.

चैत्राली अजून धुमसत होती. श्रियाने गिफ्ट हळूच टेबलावर ठेवलं.

"आई, खरंच सोबत खेळून मलेरिया होत नाही?"

"नाही गं बाळा. मुळीच नाही."


"मग तिकडे मला ताप आल्यावर तू रेहेमाच्या आईला कामावरून का काढलंस? रेहेमा तर नुसती माझ्याशी खेळायची."