नकाशातली रिकामी जागा

सरांनी नकाशावर बोट ठेवलं. "सगळीकडे नागअळीचे ठिपके आहेत. नेमकी तुमच्याच कॉलनीत का नाही?"

आत्याकडे राहून प्रबंध लिहिणाऱ्या भाचीला हाच प्रश्न हवा होता. तीन वर्षांचा सगळा डोलारा या रिकाम्या जागेवर उभा होता. आज सर 'हो' म्हणाले की प्रबंध सादर.

"इथल्या मातीत काहीतरी आहे, सर. माशी पानात अंडं घालते. अळी आतून पान पोखरत पांढऱ्या नागमोडी रेघा काढते, मग मातीत पडून कोष करते. इथे ती मातीतच मरत असणार. चाळीस पानं लिहिलीत मी मातीवर."

सर 'हो' म्हणणार, एवढ्यात आत्या चहा घेऊन आली. टेबलावरचा रेघोट्यांच्या पानाचा फोटो पाहून तिने नाक मुरडलं.

"अगंबाई, ही घाण पानं होय? मी रोज खुडून आणते की."

"कुठून?"

"सगळीकडून. पहाटे फिरायला जाते ना, दूधवाल्यापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत. लोकांच्या कुंपणातून हात घालायचा नि खुडायचं. बघवतच नाही गं मला. पिशवीभर निघतात. घरी आणून जाळते."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तू आठला उठतेस. कोणाला सांगू?"

त्या रिकाम्या जागेत एकच ठिपका होता, चुकून पडल्यासारखा. सरांनी तो दाखवला. "मग इथे कशी राहिली?"

आत्याने वाकून पाहिलं. "त्यांच्याकडे कुत्रा आहे."

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही तीन वर्षं! तिला आत्याचा असा राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं. सरांना मात्र हसता हसता ठसका लागला आणि निम्मा चहा नकाशावर सांडला.

"रडू नका," ते डोळे पुसत म्हणाले. "माती तेवढी खोडा. अळी बाहेर पडायच्या आत पान खुडलं तर माशीचा वंशच खुंटतो, हे आत्यांनी करून दाखवलंय. याहून चांगला प्रबंध कुठला? आत्या, अजून किती दिवस जमेल हे?"

"गुडघे चालतील तोवर," आत्या फडकं शोधत म्हणाली.

भाचीने शेवटचं प्रकरण उघडलं. 'माशी पुढे कुठवर पसरेल' या मथळ्याखालची जागा अजून कोरी होती. तिने लिहिलं: आत्याच्या गुडघ्यांवर अवलंबून.