हिरवट डाग

आमच्या काउंटीच्या जत्रेत फोटोंचं पहिलं बक्षीस मॅव्हिस थॉर्कल्सनला मिळालं. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई परसातल्या दुर्बिणीला कॅमेरा लावून तेजोमेघ टिपते. मोठे, देखणे नव्हे, तर मरणाऱ्या ताऱ्यांनी भोवती सोडलेल्या वायूचे, फोटोत जेमतेम मसुराएवढे दिसणारे. या फोटोसाठी तिनं अकरा रात्री घातल्या होत्या. पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावलेल्या चौकटीपुढे ती आली आणि थबकलीच. तारे सगळे होते, मधला तेजोमेघ गायब होता. फोटो छापून परस्पर जत्रेत पोचवणारा ड्वेन शेजारीच भाजलेलं कणीस खात उभा होता. "ड्वेन, इथं मधोमध काहीतरी होतं ना रे?" तिनं विचारलं. "तो हिरवट डाग? पुसला मी. अर्धा तास खपलो, पण आता पत्ता तरी लागतोय का!" "डाग काय म्हणतोस, मेल्या! त्याचाच तर फोटो होता तो!" परीक्षक बाई लगबगीनं मध्ये पडल्या. "जाऊ दे गं, मॅव्हिस. उलट किती स्वच्छ दिसतंय आकाश! म्हणून तर फोटो आम्ही एकमतानं निवडला." मॅव्हिसचे कान लाल झाले. "मरता मरता तो तारा एवढं उधळून गेला, आणि तुम्हाला स्वच्छता दिसली?" तिनं फीत ओढून काढली आणि ड्वेनच्या शर्टाला टोचली. "घे, बक्षीस झाडलोटीला मिळालंय, म्हणजे तुझंच आहे." चौकट काखेत मारून ती तरातरा निघाली. ती मंडपाबाहेर पडेपर्यंत दोघा बघ्यांनी ड्वेनशी हात मिळवून त्याचं अभिनंदनही केलं होतं.