मनीनं टाकलेला बेडूक

जुळे सोलापुरातल्या विजयमालाबाईंची मांजर मनी उंदीर, पाली, शेजाऱ्यांचं दूध, काही म्हणजे काही सोडत नसे. शेजारीण म्हणायचीच, "तुमच्या मनीला पोट हाय का हौद?"

त्या दुपारी मात्र पाण्याच्या टाकीजवळच्या बेडकाला हुंगून मनी एकेक पाय मागं घेत सरकली. बेडूक मरायला टेकला होता. अंगाची साल सुटली होती, आणि कालपर्यंत मातकट असलेलं पोट शेंदरासारखं पेटलं होतं.

आत बाईंचे यजमान महिपतराव तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळले होते. रिपोर्ट सगळे चांगले होते. बाईंनी बेडकाचं सांगितलं तसे ते क्षीण हसले.

"आता मांजरबी पथ्य पाळाय लागली व्हय? बोलाव की तिला. झोपंल माझ्या पायाशी, रोजच्यासारखी."

मनी उंबऱ्यापर्यंत आली. तिनं हवा हुंगली, आणि एकेक पाय मागं घेत सरकली.

बाईंनी चादर वर केली. नवऱ्याच्या तळपायांची साल सुटली होती आणि खालून शेंदरी रंग वर येत होता.

"पाय चेप की गं जरा," महिपतराव म्हणाले.

"चेपते की," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण उंबऱ्याबाहेर, मनीच्या शेजारी उभ्या आहोत.