सहाव्या पानावरची खिडकी

आजही सहाव्या पानावर खिडकी होती. पोस्टकार्डाएवढी, चौकोनी. उज्वला देवरे मॅडमनी इंग्रजी पेपर उभा धरला, तर तिच्यातून कॉलेजच्या वाचनालयाचं घड्याळ दिसलं. पावणेअकरा. महिन्यातली ही चौथी खिडकी, आणि चारही वेळा कात्री चालली ती जाहिरातींवरच.

मॅडम नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. माहेर देवळ्याचं. शेतावरच्या चाळीत साठवलेल्या कांद्याला सड लागली की घरभर कसला वास सुटतो आणि घरातली माणसं कशी गप्प होतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. ती सड आणणाऱ्या बुरशीवर त्यांना संशोधन करायचं होतं, आणि त्याला अनुदान हवं होतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता, दुसरा याच जूनमध्ये. आता आशा उरली होती ती तरुण अध्यापकांसाठीच्या एखाद्या योजनेची. तिथे वय पस्तिशीच्या आत लागतं, आणि डिसेंबरात मॅडमना पस्तीस पूर्ण होणार होती. अठ्ठ्याण्णव साल ते. अशा योजनेची खबर लागायची ती पेपरातल्या जाहिरातीतून. आणि जाहिरातीच कुणीतरी पळवत होतं.

कोण, तेही मॅडमनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. रसायनशास्त्राचे एक सर गेल्या वर्षी अनुदान मिळवून कॉलेजभर मिरवले होते. दुसऱ्याच्या ताटातलं ओढायची खोड, दुसरं काय! तक्रारवहीत मॅडमनी याआधी दोनदा लिहिलं होतं. आज तिसऱ्यांदा, चांगलं खरमरीत लिहिलं आणि वही थेट ग्रंथपाल आहेरसरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

सरांनी मोतीराममामांना बोलावलं. मामा वाचनालयाचे शिपाई. रोज सकाळी मखमलाबादहून सायकल मारत येत आणि पेपर काठीला लावत. सर म्हणाले, पेपर कापणारा उद्यापर्यंत सापडला नाही तर मेमो तुम्हालाच. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मॅडमना जरा चुकल्यासारखं झालं, कारण पंख्याखालची त्यांची खुर्ची मामा रोज न सांगता पुसून ठेवत.

मामांनी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि तसेच बाहेर गेले. परत आले ते एक जाडजूड पुस्तक घेऊन. बुरशीवरचं होतं ते. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे अकरा शिक्के, आणि अकराही वेळा ते मॅडमनीच नेलेलं. जूननंतर मात्र एकही शिक्का नव्हता. मॅडमनी पुस्तक उघडलं आणि पानापानातून कात्रणं टेबलावर सांडली.

पहिलं होतं केसांच्या तेलाचं. दुसरं दंतमंजनाचं. तिसऱ्यात कुठल्याशा कंपनीला बाजाराची पाहणी करायला माणसं हवी होती. पण प्रत्येकात एका इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती, आणि शब्द एकच, रिसर्च. मामा चौथी शिकलेले, तेही मराठीत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाचा एक मळका तुकडा काढला. जूनमध्ये नकाराचं पत्र आलं त्या दुपारी मॅडमनी एका जुन्या जाहिरातीतल्या याच शब्दाभोवती गोल करून तो मामांना दिला होता. असं काही दिसलं तर लक्ष ठेवा, म्हणाल्या होत्या. वैतागात म्हणाल्या आणि विसरून गेल्या. मामा विसरले नव्हते. रोज सकाळी ते अक्षराला अक्षर जुळवत बसत. दिवसभरात पोरं पेपर ओरबाडायची, संध्याकाळी तो रद्दीत जायचा, म्हणून आधीच कापून ठेवत.

सगळ्यात शेवटचं कात्रण तेलाचं नव्हतं. तरुण अध्यापकांना संशोधनासाठी अनुदान. वय पस्तीसच्या आत. मुदत एकतीस ऑक्टोबर. मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज बावीस. नऊ दिवस हातात होते.

त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग डोळे भरून आले. नकार देणाऱ्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नव्हते. आपल्यावर भरवसा टाकून बसलेला माणूस मात्र रोज त्यांच्यासमोर पेपर लावत होता.

"मामा, मग हे माझ्या हातात का नाही दिलंत?"

मामा खाली बघत म्हणाले, "ते पत्र आलं तवापासून तुम्ही या पुस्तकाकडं फिरकल्या नाय, मॅडम. म्हनलं, मन दुखलेलं हाय, आत्ता कशाला कागद दाखवायचे. तुमच्याबिगर हे पुस्तक कोनी नेत नाय. ज्या दिवशी न्यायला येतील, त्या दिवशी आपसूक घावतील. आन् तुम्ही येनार तर व्हत्याच."

आहेरसर एकदम चष्मा पुसायला लागले. मॅडमनी पुस्तकावर बारावा शिक्का मारून घेतला. मग तक्रारवही पुढे ओढली आणि आपल्याच तक्रारीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तक्रार निकाली. कात्री मोतीराममामांकडेच असू द्यावी.'